संकष्टीच्या रविवारी तीन कोंबड्या

लोक मला रस्ता विचारत नाहीत, रस्त्यात कुठे खायचं ते विचारतात. "नाशिकला चाललोय, कसाऱ्याच्या अलीकडे कुठे थांबू?" "आईला तिखट चालत नाही आणि बाबांना तिखटाशिवाय चालत नाही, पुण्याच्या वाटेवर काय?" असा फोन आला की मी उठतो आणि बोलत बोलत घरात फेऱ्या मारतो. बायको म्हणते, "तू सांगतोयस का निघालायस?"

पंचवीस वर्षं माझी नोकरी फिरतीची होती. कोलशेतच्या कारखान्यात तयार होणारे पंप जिथे बसवले असतील तिथे दुरुस्तीला जायचं. नगर, नाशिक, जुन्नर, महाड. जेवण कायम बाहेर. मग कंपनीने मला बढती देऊन खुर्चीत बसवलं. आता दुसरे फिरतात आणि मी टेबलावरून त्यांना सांगतो, की पाटीवर पंजाबी, चायनीज आणि मालवणी असं तिन्ही लिहिलेलं असेल तिथे फक्त चहा घ्या. दुपारी एकच्या आत जेवून घ्या, त्यानंतर भाजी सकाळचीच असते, वरचं तेल तेवढं नवीन असतं. ट्रक उभे आहेत म्हणजे जेवण चांगलं, हेही काही खरं नाही. जागा ऐसपैस असते म्हणून ट्रक थांबतात.

हे सांगण्यात मला फार सुख आहे, हे कबूल करतो. कुणी संध्याकाळी फोन करून म्हणालं, "सर, तुमच्यामुळे काय जेवलो आज!" तर मला वाटतं मीच रांधलं. पण ते निघाल्यापासून हा फोन येईपर्यंत मला चैन पडत नाही. आता दुर्गाडीच्या पुलावर असतील, आता डावीकडे वळले असतील, आता पाटी दिसली असेल. शरीर ठाण्यात वर्तकनगरच्या तिसऱ्या मजल्यावर आणि बाकीचा मी कुणाच्या तरी गाडीत मागे बसलेला.

मी सांगतो त्या सगळ्या ठिकाणांत माझं सगळ्यात लाडकं ठिकाण हॉटेल नाहीच. कल्याणहून मुरबाडकडे जाताना टिटवाळ्याचा फाटा मागे टाकला की पुढे एका गावात एक घर आहे. एकदा कामावरून परतताना तिथे पाणी मागायला थांबलेलो आणि जेवून उठलेलो. घरातली सून रांधते. पस्तिशीची असेल. तांदळाच्या भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, सुकं, भात. ओटीवर सतरंजी टाकून बसायचं. नवरा उल्हासनगरला कारखान्यात पाळीवर जातो. ती पूर्वी वीटभट्टीवर जायची. मला एकदा म्हणाली, "भाऊ, तवा मी लोकांच्या दारात जायची. आता लोक माझ्या दारात येतात." या जेवणावरच तिने ओटीला पत्रा घातला आणि हात धुवायला अंगणात नळ आणला.

कोंबड्या मात्र तिच्या सासूच्या. अंगणही सासूचंच. म्हातारीला प्रत्येक कोंबडी ओळखू येते, कुठली खुडूक आहे, कुठली शेजारच्या परसात अंडी घालते. तिचा नियम एकच होता. आदल्या दिवशी माणसं किती ते सांगायचं, तेवढ्यापुरतीच कोंबडी धरायची. उगीच मारायची नाही, मारलेली टाकायची नाही. परक्या माणसाच्या फोनवर तिचा विश्वास नसे, म्हणून माणसं कुणाचीही असली तरी फोन मी करायचो. "तुमी सांगितलंत म्हंजे झालं," असं सून म्हणायची, आणि ते ऐकून माझी छाती थोडी फुगायची.

पावसाळ्यात मी सांगितलेले सहा जण माळशेजला गेले आणि परस्पर दुसऱ्याच रस्त्याने घरी गेले. दोन कोंबड्या वाया गेल्या. मी माफी मागायला फोन केला तेव्हा मागून म्हातारीचा आवाज आला, "आता येकदा आसं झालं, तर शहरातल्या मानसांचं जेवान बंद. सांग त्याला." सुनेने आवाज खाली आणला. "भाऊ, त्या बोलल्या की तसंच करतात. पुढच्या वेळी नीट बघून सांगा. माझं येवढं येकच हाय."

"माझी जबाबदारी," मी म्हणालो.

मग हिवाळ्यातला तो शनिवार. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने रविवारची सहल काढली होती, चार कुटुंबं, एक मिनीबस. "सर, तेरा माणसं. तुमचं ते ओटीवालं ठिकाण सांगून ठेवा ना." मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोन लावला. बायकोने पातेल्यात साबुदाणा भिजत घातला होता. तेरा माणसं, तीन कोंबड्या, थोडं सुकं जास्त, असं सांगत असताना मी त्या पातेल्यातले दोन दाणे चिमटीत धरून चुरडले. बरे भिजलेत, असंही मनात आलं.

"उद्याच ना भाऊ?" तिने विचारलं.

"उद्याच."

"रविवारीच ना?"

"हो हो, रविवारी. एकपर्यंत पोचतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पुढ्यात खिचडी ठेवली. मी ती दह्याबरोबर खाल्ली. शेंगदाण्याचं कूट नेहमीपेक्षा जास्त होतं, हेसुद्धा लक्षात आलं. फक्त ती आज का केली आहे, हे आलं नाही. मी मिनीबसमध्ये होतो. नऊला निघाले म्हणजे आता कोनगावात असतील.

साडेदहाला सहकाऱ्याचा फोन.

"सर, थोडा लोचा झालाय. आम्ही म्हारळला अडकलोय. अख्खा रस्ता टिटवाळ्याच्या गणपतीला चाललाय. दुर्वा आणि जास्वंदीवाले खिडकीत येऊन उभे राहिले, तेव्हा बायकांची ट्यूब पेटली. सर, आज संकष्टी आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडीत आता कुणीच नॉनव्हेज खाणार नाही. माझी मिसेस विचारतेय, तुमच्या सरांच्या घरी कॅलेंडर नाही का. तर आम्ही काय म्हणतोय, इतके जवळ आलोच आहोत तर दर्शनच घेऊन येतो. त्या ताईंना सॉरी सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

बायको ओटा पुसत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"आज संकष्टी आहे?"

"सकाळी काय खाल्लंस?"

"मी तीन कोंबड्या सांगितल्यात. कापूनही झाल्या असतील."

तिने फडकं पिळलं, वाळत टाकलं, मग माझ्याकडे बघितलं. "काल माझा साबुदाणा चिवडत सांगत होतास ते हेच?"

"लक्षात नाही आलं गं."

"मग आता तूच जाऊन खा तिन्ही."

ती रागाने बोलली होती. मी मात्र गाडीची किल्ली घेतली.

खरं तर त्याच वेळी त्या घरी फोन करून सांगायला हवं होतं. नंबर दोनदा काढला. पण मला म्हातारीचा आवाज आठवला आणि सुनेचं 'माझं येवढं येकच'. मला वाटलं, माणसं बदलली म्हणून काय झालं? तिला तेरा जण हवेत, कुठलेही तेरा. मी नेतो. ठाणे ते डोंबिवलीच्या पट्ट्यात लाखो माणसं राहतात. त्यातली तेरा मिळणार नाहीत?

रविवारी संकष्टीला नाही मिळत. सोसायटीच्या जिन्यात मी शेजाऱ्यांना गाठून विचारलं, "चिकन खायला येता का? गावठी आहे." ते दोन पायऱ्या वर सरकले. "अहो, आज?" तळमजल्यावरच्यांना काही पाळायचं नसतं, पण ते सहकुटुंब बारशाला गेले होते. दुपारी बाराच्या आत तयार होऊन निघेल असं आणखी कुणी आठवेना. शेवटी डोंबिवलीला भावाला फोन लावला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बँकेतून निवृत्त.

"दादा, गावठी कोंबडी खायला चल."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग हळू आवाजात, "थांब, गॅलरीत जातो." दार ओढल्याचा आवाज. "अरे, उपास आहे माझा. वहिनीने धरायला लावलाय."

"बरं. राहू दे मग."

"राहू दे काय? कधी निघायचं ते सांग."

"अजून माणसं लागतील."

"किती?"

"अकरा."

"कुणाचं लग्न लावतोयस?"

नव्या माणकोली पुलावरून डोंबिवलीला पोचलो तर कोपऱ्यावर दादा आणि त्याच्या संध्याकाळच्या कट्ट्यावरचे दोघे उभे होते. दोघेही उपासाचे. तिघांनीही घरी एकच सांगितलं होतं, मुरबाडच्या बाजूला प्लॉट बघायला चाललोय. डोंबिवलीत निवृत्त माणसाने रविवारी प्लॉट बघायला जाणं इतकं नेहमीचं आहे, की कुणी पुढे विचारत नाही. दादाने खरं वाटावं म्हणून काखेत एक फाइलही घेतली होती. आत वीजबिलं होती.

"तिघंच?" मी म्हणालो.

"तिघं मिळाले हे नशीब समज. चौथा तयार होता, पण त्याची बायको म्हणाली मीही येते प्लॉट बघायला."

पत्रीपूल, कल्याण, शहाडचा पूल, सगळीकडे गाडी मुंगीच्या पावलांनी. मी हॉर्न वाजवत होतो, गिअर उगीच बदलत होतो. म्हारळच्या पुढे रस्त्याच्या कडेने माणसं चालत निघालेली, हातात हार, काही अनवाणी. गाडीतल्या तिघांनी हात जोडले. मागच्या एकाने डोळे मिटून मोठ्याने सांगून टाकलं, "बाप्पा, रात्री चंद्र बघूनच जेवणार आहे. हे मधलं मोजू नकोस."

"घरी प्लॉट कसा होता विचारलं तर?" दुसरा म्हणाला.

"रस्ता नाही म्हणून सांगू."

"रस्ता नको. पाणी नाही म्हणू. पाणी नाही म्हटलं की बायका लगेच मानतात."

ते हसत होते. मीही हसलो असेन. पण माझं डोकं आकड्यात अडकलं होतं. आम्ही चार. चार म्हणजे तेरा नव्हेत.

पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. ओटी सारवलेली, सतरंज्या घातलेल्या, पेले उपडे मांडलेले, ताटांची चळत भिंतीशी. सून हात पुसत बाहेर आली. तिने आमच्या गाडीकडे बघितलं आणि मग गाडीच्या मागे, रस्त्याकडे.

"बाकीची मंडळी मागून येतायत का?"

"हो," मी म्हणालो. "ट्रॅफिक आहे ना. येतायत."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते निघालं. आणि ती लगेच आत गेली, कारण तेरा माणसांच्या भाकरी गरम वाढायच्या तर एकीकडे थापत राहावं लागतं.

आम्ही बसलो. खोबरं आणि कांदा चुलीत भाजून वाटलेला तो रस्सा, वर तांबूस तवंग, वाटीला हात लावला तरी चटका बसेल असा. डोंबिवलीचे तिघे पहिल्या घासानंतर बोलायचे थांबले. मी भाकरीचा तुकडा नुसताच रश्शात बुडवत होतो. आतून थापण्याचा आवाज येत होता, मग तव्यावर पडल्याचा, मग पुन्हा थापण्याचा. न येणाऱ्या माणसांसाठी ती भाकरी करत होती. फडक्याखालची चवड दारातून दिसत होती आणि वाढत होती. मी दोनदा ताटावरून उठून रस्त्यापर्यंत गेलो, मिनीबस येते का ते बघायला. ती टिटवाळ्याला रांगेत उभी आहे हे मला माहीत होतं. तरी मी कपाळाला हात लावून लांब बघितलं.

म्हातारी अंगणात कोंबड्या झाकायच्या उपड्या डालग्याशेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, जेव की आदी. तू बघितल्यानं काय गाडी लवकर येनार हाय?"

तिघांनी हात धुतले. दादा माझ्या कानाशी आला. "सांगून टाक रे. मी आता अर्धी भाकरीसुद्धा खाऊ शकत नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. तिच्या हातावर पीठ होतं, कपाळाला घाम.

"भाकऱ्या थांबवा," मी म्हणालो.

तिचा हात परातीत तसाच राहिला. "येत नाहीत?"

"नाही. आज संकष्टी आहे. त्यांच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नव्हतं."

"माझ्या होतं," ती म्हणाली. "म्हनूनच दोनदा विचारलं तुमाला. उद्याच ना, रविवारीच ना."

"सरळ का नाही विचारलंत?"

"गिऱ्हाइकाला कसं विचारनार, तुमी उपास धरता का म्हनून?"

म्हातारीने बाहेरून ऐकलं होतं. ती उठून आली आणि खांबाला धरून उभी राहिली. "मी सकाळपासनं पान्यावर हाय," ती म्हणाली. "आमच्या घरात या दिवशी सुरी धरत नाय. पोरगा नको म्हनत होता. मी म्हटलं, ठान्याची मानसं, त्यांचं काय नसंल. आपन हो म्हटलंय, काप. आन तुमची मानसं गेली कुठं?"

"टिटवाळ्याला. दर्शनाला."

ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "म्हंजे पुन्य त्यांना आन कोंबड्या माझ्या."

दादाच्या मित्राने मध्ये तोंड घातलं. "आजी, आम्ही जेवलो की. पोटभर जेवलो."

"तुमी चार म्हातारे खाऊन खाऊन किती खानार?" म्हातारी सुनेकडे वळली. "आता बंद. कुनाचा फोन नको आन कुनाचं जेवान नको."

सुनेने तवा चुलीवरून उतरवला. परातीतल्या पिठाच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं. मी तेरा जणांचे पैसे पुढे केले, ते तिने न बघता घेतले. मग एका मोठ्या टोपात उरलेला रस्सा भरला, झाकण ठेवलं, फडक्याने घट्ट बांधलं. "घेऊन जा. इथं आज कोन खानार?" गाडीपर्यंत टोप तिनेच आणला. डिकीत ठेवताना म्हणाली, "कोंबड्यांचं झालं ते झालं, भाऊ. पन गाडी येतेय असं नको होतं सांगायला. मी तेवढा येळ रस्त्याकडं कान लावून बसले."

कोंबड्या माझ्या विसराळूपणाने गेल्या, पण तो पाऊण तास मी तिच्याकडून घेतला, फक्त मला तोंड दाखवायला जड जात होतं म्हणून.

परतीच्या वाटेवर गाडीत रश्शाचा वास इतका होता की काचा उघड्या ठेवाव्या लागल्या. टिटवाळ्याहून परतणारे लोक सिग्नलला वळून बघत होते. संध्याकाळी दादाचा फोन आला. "वहिनीने शर्टाचा वास घेतला. म्हणाली, प्लॉट चांगलाच शिजला होता."

माझ्या बायकोने चंद्रोदय होईपर्यंत टोप घरात येऊ दिला नाही. तो खाली गाडीत राहिला आणि मी दर थोड्या वेळाने खिडकीतून गाडीकडे बघत राहिलो, जणू आत कुणीतरी बसलंय. सोमवार, मंगळवार आमच्याकडे चालत नाही. टोप फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बाकी सगळं वर. बुधवारी तिने तो गरम केला, एक घास खाल्ला आणि थांबली.

"हे ती बंद करणार?"

"सासूने केलं बंद."

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार? निघालो."

"निघण्यात तू पहिला." ती पुन्हा जेवायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "टोप कधी परत करणार आहेस?"

मी म्हणालो, सहकाऱ्याची पुढच्या आठवड्यात मुरबाडला फेरी आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तिने ऐकूनच घेतलं नाही. शनिवारी रात्री रवा भाजला. दुसऱ्याचं भांडं आमच्याकडे रिकामं परत जात नाही. टोपभर लाडू वळून तिने झाकण लावलं, तेच फडकं धुऊन, इस्त्री करून बांधलं आणि रविवारी सकाळी स्वतः पुढच्या सीटवर टोप मांडीवर घेऊन बसली.

ओटी झाडलेली होती, पण सतरंज्या नव्हत्या. चुलीतून धूर नव्हता. सुनेने टोप घेतला, झाकण काढून बघितलं आणि सासूपुढे ठेवला. म्हातारीने एक लाडू उचलून दाबून पाहिला.

"कुनी केले?"

"मी," बायको म्हणाली.

"पाकातले?"

"हो."

"बरे वळलेत." मग माझ्याकडे हनुवटी करून, "ह्यो घरी तरी जेवताना बसतो का सरळ?"

"नाही हो. अर्ध्या ताटावरून फोन घ्यायला उठतो."

"हितंबी तेच केलं. दोनदा रस्त्यावर गेला." दोघी हसल्या. सूनही तोंडाला पदर लावून वळली. मी अंगणाच्या कडेला उभा होतो, किल्ली हातात. टोप दिला, माफी पुन्हा मागून झाली, आता निघायला हरकत नव्हती.

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. तरुण जोडपं. त्याने काच खाली करून विचारलं, "इथे जेवण मिळतं ना? एका मित्राने सांगितलेलं."

सून उठली नाही. तिने सासूकडे बघितलं. म्हातारीने लाडवाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. मला वाटलं ती नाही म्हणेल आणि मग ते कायमचं असेल. सुनेच्या हातातलं झाकण हलायचं थांबलं होतं.

"मिळतं म्हनावं," म्हातारी म्हणाली. "पन कोंबडी अजून फिरतेय. मानूस अंगनात उतरलं की मग ती धरायची, त्याच्या आदी नाय. दोन तास लागतील. फोन-बिन आता नाय चालनार. बसायचं आसंल तर बसा."

त्या तरुणाने मनगटावरच्या घड्याळात बघितलं, बायकोशी काही बोलला. "दोन तास म्हणजे... आम्हाला माळशेज गाठायचंय. परत येताना बघतो." गाडी गेली. मागे धूळ उडाली.

सुनेने झाकण टोपावर ठेवलं. तिचा चेहरा मला दिसला. उघडलेलं दार पहिल्याच माणसाने ओढून घेतलं होतं, आणि पुढचाही तेच करणार हे तिला कळत होतं. शहरातून येणाऱ्याकडे दोन तास कुठे असतात? माझ्याकडेही नव्हते. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी किल्ली खिशात टाकली.

"आम्ही बसतो," मी म्हणालो. "दोघं आहोत."

"खरंच बसनार?" म्हातारीने विचारलं.

"बसतो."

ती उठली. सुनेने चुलीत लाकडं सारली.

तेव्हापासून त्या घराचा हाच नियम आहे. मला कुणी विचारलं तर मी ठिकाण सांगतो आणि म्हणतो की फोन करायचा नाही, दोन तास हाताशी असतील तरच जा. बहुतेक जण 'पुढच्या वेळी नक्की' म्हणतात आणि बायपासवर कुठेतरी पनीर खातात. थोडे जातात. मोटरसायकलवाले जातात, ज्यांना वेळ आहे असे निवृत्त लोक जातात, दादा आणि त्याचा कट्टा तर दोनदा जाऊन आला, दुसऱ्या वेळी वहिन्यांना घेऊन. पूर्वीइतकी गर्दी नाही. सून म्हणते, चाललंय. मला तिच्या आवाजात शोधावं लागतं, बरं चाललंय की नुसतंच चाललंय, आणि मग मी तिसऱ्या मजल्यावर पुन्हा फेऱ्या मारतो.

त्या रविवारी मात्र मी ओटीवर बसलो. बायको आत भाकरी थापायला शिकत होती, तिचं आणि सुनेचं बोलणं ऐकू येत होतं. माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. फोन गाडीत ठेवला होता, मुद्दाम. समोर म्हातारी वाकून, हात पसरून एका तांबड्या कोंबडीच्या मागे हळूहळू चालत होती. कोंबडी थांबायची, मान वळवून बघायची, पुन्हा चार पावलं पळायची. मला उठून मदत करावीशी वाटली, मग रस्त्यापर्यंत जाऊन यावंसं वाटलं, मग नुसतंच उभं राहावंसं वाटलं. मी उठलो नाही. पण माझा गुडघा आपोआप हलायला लागला होता, सतरंजीवर टाच आपटत होती.

म्हातारी तशीच वाकलेली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय हलवू नको रं बाबा. ती बुजते."